राजीनाम्याआधी एक उन्हाळा

बँक, आयटी, कारखाना अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं नोकरी केलेली माणसं बागकामाच्या धंद्यात उतरायचं म्हणतात, तेव्हा बहुतेकांची गोष्ट एकाच वळणावर आलेली असते. घरच्या गच्चीवरची बाग फुललेली असते, मेव्हण्याच्या बंगल्यापुढची करून दिलेली असते, आणि आता ओळखीच्या एका बिल्डरने अख्ख्या सोसायटीचं काम देऊ केलेलं असतं. आकडा सहा महिन्यांच्या पगाराएवढा. राजीनामा लिहून तयार असतो.

त्या एका कामाच्या भरवशावर तो देऊ नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. धंदा जरूर करा. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, कुठेही पाहा. सोसायट्या, शेतघरं, शाळा, हॉस्पिटलं, रिसॉर्ट या सगळ्यांना बाग हवी आहे आणि ती जाणतेपणाने करणारी माणसं कमी आहेत. पण या धंद्यात पैसा कुठून येतो आणि कधी येतो, हे पगार चालू असतानाच समजून घ्यायला हवं.

लँडस्केपिंग म्हणून आपण जे ओळखतो, ते प्रत्यक्षात दोन धंदे आहेत. बाग उभी करणं हा एक आणि उभी केलेली बाग सांभाळणं हा दुसरा. उभारणीत रक्कम मोठी, फोटो छान येतात, नाव होतं. देखभालीत दरमहा ठरलेली लहान रक्कम येते. घर चालतं ते या दुसऱ्या रकमेवर.

समजा, तुम्ही 4 लाखांचं उभारणीचं काम घेतलं. अ‍ॅडव्हान्स 30 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार. माती, खत, रोपं, लॉन, वाहतूक आणि मजुरी मिळून खर्च 2 लाख 80 हजार. म्हणजे काम पुरं होईपर्यंत 1 लाख 60 हजार तुमच्या खिशातून गेलेले असतात. मग बिल लागतं, इंजिनिअर मोजमाप तपासतो, दोन महिने जातात. अखेर पैसे येतात तेव्हा 5 टक्के, म्हणजे 20 हजार, वर्षभराची अनामत म्हणून कापलेले असतात. कागदावरचा नफा 1 लाख 20 हजार, हातात आले 1 लाख. त्यातून मेलेली झाडं बदलायची, आणि याच काळातला घरखर्चही भागवायचा. दुसरं काम लगेच मिळालं तर त्याची माती भरायला हेच पैसे लागतात. कामं भरपूर असूनही गाळात गेलेले या धंद्यात पुष्कळ दिसतात, त्याचं कारण हे गणित आहे.

म्हणून नोकरीत असतानाच चार-पाच बागांची देखभाल हातात घ्या. एक चांगला माळी ठेवा, शनिवार-रविवारी स्वतः उभे राहा. खाजगी नोकरीत असाल तर नेमणुकीच्या करारात बाहेरच्या कामाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. सरकारी नोकरांना परवानगीशिवाय असा जोडधंदा करता येत नाही, त्यांनी ही उमेदवारी कुणा जाणत्या माळ्याबरोबर बिनपैशाने करावी. पण करावीच, आणि तिच्यात मार्च ते मे हे तीन महिने यायलाच हवेत.

जून ते सप्टेंबर कुणाचीही बाग हिरवी दिसते. एप्रिलमध्ये मात्र बोअरचं पाणी तळाला जातं, सोसायटीत टँकर सुरू होतात, आणि सेक्रेटरी पहिलं कुलूप बागेच्या नळाला लावतो. त्याच दिवसांत माळी गावच्या जत्रेला जातो. मोठ्या झाडांना किती दिवसांचा खाडा चालतो, कुंड्या किती तासांत माना टाकतात, आच्छादन म्हणून पाला आणि नारळाच्या शेंड्या पसरल्या तर किती पाणी वाचतं, हे सगळं तेव्हा कळतं. ग्राहकाचा आवाज चढल्यावर आपण काय बोलतो, हेही तेव्हाच कळतं. एक उन्हाळा निभावून नेलेला माणूस कामाचा दर वेगळा लावतो.

लॉनचंच उदाहरण घ्या. ग्राहकाला 1000 चौरस फूट हिरवळ हवी असते. सहा इंच थराला 500 घनफूट, म्हणजे 5 ब्रास माती लागते. पाणी दिल्यावर ती दबून बसते, तेव्हा दरात 6 ब्रास धरा. माती-मुरमाच्या गाडीबरोबर रॉयल्टीची पावती आहे ना, हेही विचारा. माती उतरवण्याआधी मूठभर हातात घेऊन चुरा. त्यात लव्हाळ्याच्या काळसर गाठी दिसल्या तर गाडी परत पाठवा. त्या गाठी एकदा आत गेल्या की लॉनमधून लव्हाळा काढता काढता माळ्याचं वर्ष जातं, वरून उपटला तरी गाठ खालीच राहते. शेणखत पुरतं कुजलेलं हवं. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या येतात, मुळं कुरतडतात, आणि पुढे हिरवळ चटईसारखी हाताने उचलून येते.

आता पाणी. ऐन उन्हाळ्यात लॉनला दर चौरस मीटरला रोज साधारण 5 लिटर पाणी लागतं. 1000 चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर; रोजचं साडेचारशे-पाचशे लिटर झालं. हा आकडा ग्राहकासमोर पहिल्याच भेटीत ठेवा. ‘सगळं हिरवंगार पाहिजे, पण मेंटेनन्स नको’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येणार आहे. तेव्हा गप्प बसून काम घेतलं की मे महिन्यात भांडण ठरलेलं. त्यापेक्षा मुलांना खेळायला 300 फुटांचं लॉन करा. बाकीच्या जागेत तगर, अनंत, कर्दळ, लिली लावा. सावलीला बहावा किंवा ताम्हण द्या. ताम्हण आपल्या राज्याचं फूल असूनही सोसायट्यांच्या आवारात ते पामच्या मानाने फार कमी दिसतं, याची मला खंत वाटते. झटपट उंच हिरवी भिंत हवी म्हणून कोनोकार्पसचा आग्रह होईल. या परक्या झाडावर गुजरात सरकारने 2023 मध्ये बंदी घातली, हे ग्राहकाला सांगा. कुंपणाला आणि पाण्याच्या टाकीला खेटून रबर किंवा वड-पिंपळाच्या कुळातलं काही लावू नका. लहान मुलांच्या खेळाच्या जागेजवळ कण्हेर नको, ती विषारी आहे.

शहरातली बरीचशी नवी कामं जमिनीवर नसतात, पार्किंगच्या स्लॅबवर असतात. तिथे जास्त सावध राहावं लागतं. भिजलेली माती घनफुटाला सुमारे 50 किलो भरते. म्हणजे वरच्या 5 ब्रासचं ओझं 25 टन. स्लॅब एवढा भार घ्यायला बांधलाय का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून दोन-तीन दिवस ठेवायला लावा, खालच्या पार्किंगमध्ये कुठे ओल येते का ते स्वतः जाऊन बघा आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. मग ड्रेन सेल, त्यावर जिओटेक्स्टाइल, मग कोकोपीट मिसळलेली हलकी माती. मोठी झाडं लावायचीच असली तर खांबाच्या डोक्यावर येतील अशी, तीही इंजिनिअरला दाखवून. पाण्याच्या निचऱ्याचं भोक झाकलं गेलं तर वर्षभराने खाली गळती सुरू होते, आणि तेव्हा बोट तुमच्याकडे वळतं. ज्याने वॉटरप्रूफिंग केलं तो तोवर कुठेही असतो.

जमिनीवरच्या कामात निचरा तपासायला सोपा उपाय आहे. फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, सकाळी जाऊन बघा. पाणी तसंच उभं असेल तर काळ्या मातीखाली निचरा नाही. आधी चर आणि मुरूम, नंतर झाडं. बोअरचं पाणी जड असतं, त्याची आणि मातीची तपासणी करून घ्या. कृषी महाविद्यालयं आणि कृषी विज्ञान केंद्रांत ती सोय असते.

रोपांची खरेदी ही वेगळी विद्या आहे. पुण्याच्या बाजूला काम करणाऱ्यांचा बाजार म्हणजे सोलापूर रस्त्यावरचा लोणी काळभोर, सोरतापवाडी, उरुळी कांचनचा पट्टा. ताडामाडाच्या जातीची आणि तयार मोठी झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकने येतात. नर्सरीत भाव पिशवीच्या मापावर आणि उंचीवर ठरतो. विक्रेता म्हणतो, ‘साहेब, सात फुटी आहे.’ तुम्ही विचारायचं, ‘पिशवीसकट की मातीपासून?’ या एका प्रश्नाने पुढची बोलणी बदलतात. ग्राहकाला द्यायच्या दरपत्रकातही ‘मोठं झाड’ असं मोघम लिहू नका. पिशवी, मातीपासूनची उंची आणि खोडाचा घेर लिहा, म्हणजे बिल लावताना वाद होत नाही. पिशवीच्या तळाशी बघा: मुळं बाहेर येऊन जमिनीत गेलेली असतील तर उचलताना ती तुटणार आणि झाड बसणार. पिशवी दाबून बघा, माती ढिली लागली तर रोप नुकतंच बदललेलं आहे. शेडनेटखाली वाढलेली रोपं थेट भर उन्हात लावली की पानं करपतात. साइटवर दहाएक दिवस अर्धसावलीत ठेवून मग लावा.

दरपत्रकाबरोबर अटींचा एक कागद द्या. झाडांची हमी किती दिवसांची, त्या काळात पाणी कोण घालणार, पाण्याचा आणि विजेचा पॉइंट कोण देणार, राडारोडा कोण उचलणार, हे सगळं त्यात हवं. माझा सल्ला असा की, देखभाल तुमच्याकडे असेल तरच झाडं बदलून देण्याची हमी द्या. ग्राहकाच्या वॉचमनने पाणी घालायचं आणि मेलेलं झाड तुम्ही आणायचं, या वाटेने फक्त तोटा आहे. पैशाचे टप्पे सुद्धा कामाशी बांधा: अ‍ॅडव्हान्स, माती पडल्यावर, झाडं साइटवर उतरल्यावर, लॉन झाल्यावर. शेवटी उरणारी रक्कम जितकी लहान, तितकी तुमची झोप शांत.

महापालिकेच्या उद्यानांची टेंडरं लगेच मोहात पाडतात. डिजिटल सही, अनामत रक्कम, अनुभवाचे दाखले आणि थकलेली बिलं पेलण्याएवढं भांडवल, हे सगळं असेल तेव्हा तिकडे वळा. सुरुवातीची दोन वर्षं तरी नको.

माणसांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण धंदा त्यांच्यावर उभा असतो. माळ्याचा पगार ठरवताना घासाघीस करू नका. आठवड्याच्या सुट्टीला बदली माणूस धरूनच देखभालीचा दर काढा. त्या दरात खत, औषधं, अवजारांची धार आणि दुरुस्ती, पेट्रोल आणि तुमच्या फेऱ्या बसायला हव्यात. फवारणीला मास्क, हातमोजे आणि गमबूट ही अवजारांइतकीच गरजेची खरेदी समजा. कामगारांसाठी अपघात भरपाईचा विमा पहिल्याच महिन्यात काढा. झाडावर चढणारा, हेज कटर चालवणारा, पावसाळ्यात पाचोळ्यात हात घालणारा माणूस तुमच्या शब्दावर ते काम करत असतो. आणि जुन्या माळ्याचं ऐकायला शिका. ‘इथे मोगरा नाय धरणार, पलीकडच्या भिंतीची झळ येते,’ असं एखादे मामा म्हणाले तर मोगरा पाच फूट सरकवा. पदवी तुमच्याकडे असेल, त्या भिंतीजवळचे उन्हाळे त्यांनी काढलेले असतात.

यंत्रं सुरुवातीला विकत घेऊ नका. कुदळ, फावडी, घमेली, पहार, खुरपी, दोन चांगले सिकेटर, फवारणीचा बॅटरी पंप आणि लांब पाइप एवढ्यावर काम सुरू होतं. लॉन मोअर आणि ब्रश कटर आधी भाड्याने आणा. चार-पाच लॉन कायमची झाली की घ्या. कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेत 50 हजारांपर्यंत शिशु आणि 5 लाखांपर्यंत किशोर असे गट आहेत, पण पहिल्या वर्षी टेम्पोचा हप्ता डोक्यावर घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

राजीनाम्याआधी घरची काही कामं उरकून घ्या. घराचं कर्ज काढायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच काढा. धंदेवाल्याला बँक मागची काही वर्षांची विवरणपत्रं मागते, आणि ती तुमच्याकडे नसतात. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, याची चौकशी नोकरीत असतानाच करा, म्हणजे जुन्या आजारांसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागत नाही. ग्रॅच्युइटीची 5 वर्षं भरायला थोडे महिने उरले असतील तर तेवढे थांबा. पीएफ धंद्यात घालू नका. सलग 5 वर्षांच्या नोकरीआधी काढला तर त्यावर करही लागतो. घरातल्यांसमोर वही उघडून बसा आणि पगार बंद झाल्यावर कोणता खर्च कुठून भागणार ते आकड्यांत सांगा. हे बोलणं टाळून सुरू केलेला धंदा घरातच अडतो.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन आणि मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटपासून दूर राहा. ती काम घेण्याआधीच करून ठेवा, कारण नोंदणीकृत लहान उद्योगाने पुरवलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देण्याचं बंधन 2006 च्या कायद्याने खरेदीदारावर आहे. तुमच्या आस्थापनेत मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, आणि या 20 लाखांत करमुक्त रोपांची विक्रीही मोजली जाते. नुसत्या रोपांवर कर नाही, पण माती-रोपं-मजुरी असा एकत्र ठेका सेवा धरला गेला तर पूर्ण रकमेवर 18 टक्के बसू शकतात. दरपत्रक कसं मांडायचं हे सीएला पहिल्या कामाआधी विचारा, बिल गेल्यावर विचारून उपयोग नाही. सोसायट्या आणि कंपन्या ठरावीक रकमेपुढे तुमच्या बिलातून 1 टक्का टीडीएस कापतील; तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर हातात नसतो.

दोन कायदे विसरू नका. शहरात झाड तोडायला, मोठ्या फांद्या उतरवायलाही, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यासाठी 1975 चा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेजचा दर्जा दिला. ‘आमचंच झाड आहे, तोडा’ हा मालकाचा शब्द पुरत नाही. दुसरं, कार्डावर नुसतं ‘आर्किटेक्ट’ छापू नका. आर्किटेक्ट ही पदवी 1972 च्या कायद्याने नोंदणीकृत वास्तुविशारदांसाठी राखलेली आहे. ‘बाग उभारणी व देखभाल’ एवढं पुरेसं आहे, आणि ग्राहकाला ते जास्त लवकर कळतं.

शिकण्यासाठी राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांची महाविद्यालयं आणि प्रशिक्षणं आहेत. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं पुष्पप्रदर्शन बघा, आणि तिथे येणाऱ्या नर्सरीवाल्यांशी ओळखी करा. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी लवकर जा. जपानी धाटणीच्या त्या बागेत फुलं थोडी आहेत. उंचवटे, दगड, पाणी आणि छाटणी यांवर ती उभी आहे. माळी छाटणी कशी करतात, पाणी कुठून कुठे नेलंय, उतार कसे काढलेत हे तासभर उभं राहून बघितलं तर चित्र काढायच्या आधी चढ-उतार बघायची सवय लागते.

मग राजीनामा कधी? माझं मोजमाप असं: देखभालीतून मजुरी, खत आणि प्रवास वजा जाता उरणारी रक्कम सलग सहा महिने घरखर्चाच्या निम्मी तरी भरावी; वर्षभराचा घरखर्च वेगळा साठलेला असावा आणि त्याचं खातं धंद्याच्या खात्यापासून तोडलेलं असावं; आणि एक उन्हाळा पार पडलेला असावा. घरात दुसरा पगार असेल तर साठा थोडा कमी चालेल, घराचा हप्ता चालू असेल तर थोडा जास्त लागेल. उभारणीच्या मोठ्या कामाचा यात हिशेबच धरू नका. ते आलं तर आनंदाने करा, नोकरीत राहून शक्य नसेल तर तेवढ्यापुरती बिनपगारी रजा मागा.

हे जमलं की नोटिशीचे दोन-तीन महिने मागे मोजून मे अखेर मोकळं होता येईल असा दिवस निवडा. समोर लागवडीचा पूर्ण पावसाळा मिळतो, दिवाळीपर्यंत देखभालीची कामं वाढतात, आणि पुढचा मार्च येईपर्यंत हाताशी दोन-तीन विश्वासाची माणसं तयार झालेली असतात. जूनच्या पहिल्या सरीबरोबर नर्सऱ्यांत झुंबड उडते आणि बहावा-ताम्हणाची चांगली रोपं मोठे ठेकेदार उचलून नेतात. तुमच्या पहिल्या हंगामाची झाडं मे महिन्यातच जाऊन निवडा, खोडाला नावाची चिठ्ठी बांधा, थोडी रक्कम देऊन पावती घ्या, आणि उचलायची तारीख पावतीवर लिहून घ्या.